करंट गेला आणि वाक्य राहिलं

यंदा रमजान थंडीच्या शेवटाला आलाय. सकाळी शाळेला निघताना अजून स्वेटर लागतो, कॅम्पातल्या कोपऱ्यावर गाड्यांवर खजुराचे ढीग लागलेत, आणि बेळगावची बोचरी हवा काही जायचं नाव घेत नाही. परवा मदिनाचाचीचा फोन आला होता. ती आता निपाणीला लेकाकडे असते. "यंदा रोजं सोपं हायती बाई, तहान म्हणून लागत न्हाई," म्हणाली. मी विचारलं, "चाची, तो मे महिन्यातला रमजान आठवतो का?" ती पलीकडून हसली. "त्यो कसा इसरंन? त्या वर्साला मी दोन रोजं धरलं हुतं. एक पोटाचा, एक जिभेचा."

बाकीचे सण आपापला ऋतू सोडत नाहीत. संक्रांत थंडीतच येते, गणपती पावसातच भिजतात. रमजान मात्र दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंच्या घरी राहून येतो. मला त्याचा हा फिरता स्वभाव आवडतो. त्या वर्षी तो भर मे महिन्यात आला होता. शाळेला सुट्टी, घरात आंब्यांचा वास, आणि दुपार कलली की आभाळ भरून यायचं. सोसाट्याचा वारा सुटायचा. वळीव पडायचा किंवा नुसताच हूल देऊन जायचा, पण करंट मात्र न चुकता जायचा.

करंट जाणं म्हणजे काय, हे बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. घरोघरी साड्यांचे माग. ती खडखड भिंतीतून यायची, जमिनीतून यायची, ताटातल्या आमटीवरसुद्धा तिचे तरंग दिसायचे. माझं माहेर गुंजीचं. तिथं स्टेशनात गाडी आली-गेली की तेवढाच काय तो आवाज. लग्न होऊन वडगावात आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ही माणसं सारखी भांडतात. "चहा घेतला का?" हे विचारतानाही गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मग लक्षात आलं की मागाच्या वर आवाज काढल्याशिवाय इथं कुणाला काही ऐकूच जात नाही. वर्षभरात मीही तशीच झाले. शाळेत सहकारी बाई मला अजून म्हणतात, "अहो हळू, आम्ही बहिऱ्या नाही."

आमच्या घराला लागूनच आमची शेड होती. त्यात चार माग, आणि एका कोपऱ्यात कांड्या भरायचं मशीन. आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी कांडी; ती भरायला मदिनाचाची यायची. माझ्या लग्नाच्याही आधीपासून. मूळची निपाणीची. लहानपणी आईच्या शेजारी बसून विड्या वळायची, आणि दहा बायका गोल करून विड्या वळायला बसल्या की तोंडं काही बंद राहत नाहीत. चाचीची जीभ तिथं तयार झाली. वडगावात तिला धार लागली.

आणि काय सांगायची ती! कुणाच्या घरी पाहुणे आले, कोण कोणाशी बोलत नाही, कुणाच्या सुनेनं माहेरी जाताना किती मोठी बॅग नेली. ती बॅग उचलल्याचा अभिनयसुद्धा करून दाखवायची, आणि तेवढ्यात हातातला धागा तुटायचा नाही. आम्ही सगळ्या तिच्या आशेनं शेडमध्ये काही ना काही काम काढून बसायचो. उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू? चाचीच्या बातम्यांशिवाय दुपार जायची नाही. आणि हेही खरं की त्याच जिभेमुळे गल्लीत कुणी एकटं पडायचं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तीन घरांतून मऊ भात आला, तो चाचीनं गल्लीभर सांगितल्यामुळेच. बातमी आणि कुचाळकी यांच्यातली वाट फार अरुंद आहे. चाची त्या वाटेवरून रोज झपाझपा चालायची आणि तिला वाटायचं, आपला तोल काही जात नाही.

शेडच्या पलीकडच्या भिंतीला लागून शांताचं घर. (हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. म्हणाली, "लिही की. पर माजं नाव बदल. चाचीचं ऱ्हाऊ दे, तिला आवडतंय नाव झालेलं." म्हणून शांता हे तिचं खरं नाव नाही.) शांता अबोल. नवरा बसवर ड्रायव्हर, दोन-दोन दिवस बाहेर. घरात ती आणि तिची सासू. तिला सगळी गल्ली आत्ती म्हणायची, कारण शांता आत्ती म्हणायची. ही आत्ती एके काळी खाण्याची मोठी शौकीन. लग्नाच्या पंगतीत बसली की वाढणारे तिच्याकडे बघून हसायचे. त्या उन्हाळ्यात मात्र ती बाहेर दिसेनाशी झाली होती. दिवाळीनंतर कधीतरी तिला दवाखान्यात नेलं होतं, परत आणलं, एवढंच आम्हाला माहीत. शांताचं दार बंद असायचं. खिडकी अर्धी उघडी.

त्या दुपारी शेडमध्ये चारही माग चालू होते. मी आणि शेजारची गंगूबाई साड्यांच्या घड्या घालत होतो. गल्लीतल्या आणखी दोघी दारात बसल्या होत्या. चाचीचा रोजा होता, ओठ कोरडे पडलेले, पण अंगात उत्साह. ती मशीनवर कांड्या भरत मागाच्या वरचा आवाज काढून सांगत होती, "अगं, आखितीच्या सणाला घरात पुरणाच्या पोळ्या. वास आलता मला. आन् म्हातारीला काय? पेज! नुस्ती पाण्यागत पेज. वाटी बघितली मी खिडकीतनं. दार लावून घेती आन् काय करती कुणाला ठावं. म्हातारी निम्मी झालीया. माज्याकडनं लिवून घ्या, ही शांता..."

आणि करंट गेला. चार माग एका दमात थांबले, आमच्या शेडमधले आणि गल्लीतल्या सगळ्या शेडमधले. त्या शांततेत चाचीचं उरलेलं वाक्य मात्र मागाच्याच आवाजात बाहेर पडलं, "...सासूला उपाशी मारायला लागलीया!"

अशी चूक आमच्याकडेच होऊ शकते. बाकीच्या गावांत लोक कुचाळकी हळू करतात. आमच्या गल्लीत ती ओरडून करावी लागते, आणि करंटचा काही भरवसा नाही.

भिंतीपलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शांताची खिडकी लागली. धाडकन नाही, हळूच लागली, कडीसुद्धा आवाज न करता घातली गेली. गंगूबाई पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. चाचीनं तिच्याकडे बघितलं आणि हातातली कांडी खाली ठेवली. ती चपला घालून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डोळे सुजलेले. मला वाटलं, लाज वाटतेय बिचारीला, दोन दिवसांत विसरेल. पण तिच्या मनात निराळंच होतं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, माजा रोजा ग्येला."

"काही खाल्लंस का चुकून?"

"चुकून कुठलं? मिटक्या मारत खाल्लं," ती म्हणाली. "आमच्यात एकाद्याच्या माघारी त्येच्याबद्दल वंगाळ बोलायचं म्हंजे गीबत. मेलेल्या भावाचं मास खाल्ल्यागत हाय, असं सांगितलंय. तोंडात पाण्याचा थेंब घेत न्हाई मी दिसभर, थुकी गिळताना बी इचार करते. आन् हितं बसून मास खाल्लं, आन् तुमा सगळ्यांस्नी वाढलं."

मी म्हटलं, "अगं, पण तू बघितलं तेच बोललीस ना?"

"खरं आसलं तर गीबत," ती म्हणाली. "आन् खोटं आसलं तर त्येच्याहून वंगाळ. दोन्हीकडनं बुडाले मी." मग डोळे पुसून म्हणाली, "अल्लाचा गुन्हा केला तर अल्लाम्होरं रडता येतंय. माणसाचा गुन्हा केला तर त्या माणसाकडंच जाय लागतंय. शांतानं माफ केल्याबिगर वरनं बी माफी न्हाई. कसल्या तोंडानं ईद करू?"

मला आमच्या पद्धतीची सवय. देवासमोर दिवा लावला, नाक घासलं, की मन हलकं होतं. ज्याला दुखावलं त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं, आणि त्यानं हो म्हणेपर्यंत आपली सुटका नाही, हे मला त्या दिवशी फार कडक वाटलं. आज तसं वाटत नाही.

तिला एकटीला जायचा धीर होईना, म्हणून मीही गेले. तिसऱ्या दिवशीची दुपार. दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही हाक मारून आत शिरलो आणि तिथंच थांबलो. शांता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून धुवट पातळाच्या फडक्यातून भाताची पेज गाळत होती. शेजारी आत्ती भिंतीला टेकून, मानेला टॉवेल बांधलेला. शांतानं एक चमचा तिच्या तोंडात घातला, हनुवटी धरली, गळ्यावरून बोट फिरवत राहिली. "गिळ गं आई माजी. हळू. हां, अस्सं." आत्तीला ठसका लागला. निम्मी पेज टॉवेलवर आली. शांतानं तोंड पुसलं आणि दुसरा चमचा भरला. तेवढ्यात आत्तीची नजर आमच्यावर गेली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

शांता उठून आम्हाला बाहेर घेऊन आली. तिचा आवाज एवढा हळू होता की आमच्या गल्लीत असा आवाज असतो हेच मी विसरले होते. "लकव्याचा झटका आलता बारका. तवापासनं गिळाय येत न्हाई. डाक्टर म्हणलेत पातळच द्या, न्हाईतर छातीत जाईल. चार माणसांत लाळ गळती, ठसका लागतो, म्हणून लाजती ती. कुणाला सांगू नगं म्हणून माज्या गळ्याची आन घातलीया."

चाचीनं तिचे हात धरले. "शांता, माफ कर मला. पाया पडते."

शांतानं हात काढून घेतले. रागानं नाही, दमून. "तुला माफ केलं की तू सुटलीस चाची. मी कुठं सुटले? परवापासनं नळावर गेले की बायका गप होत्यात. आत्तीनं काल चमचा बी तोंडात घ्येतला न्हाई. म्हणली, माज्यापायी तुजं नाव ग्येलं." आणि ती दार लावून आत गेली.

परतताना चाची भिंतीला हात लावत लावत चालली होती. त्याच संध्याकाळी, रोजा सोडायच्या आधी, ती मला घेऊन मागच्या गल्लीतल्या आपांकडे गेली. आपा म्हणजे पोरींना अरबी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. दारात तुळस नव्हती एवढंच, नाहीतर माझ्या गुंजीच्या काकूंसारख्याच, तशाच किंचित रागीट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माफी मागितलीस, चांगलं केलंस. तिनं द्यायची का न द्यायची, ते तिच्या हातात. तुझ्या हातात एवढंच की ज्या जागी तिचं नाव खाली पाडलंस, त्याच जागी जाऊन उचल. आणि तिच्यासाठी दुआ मागत राहा."

चाचीला एवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं शांताची स्तुती सुरू केली, आणि मदिनाचाचीला कुठलीच गोष्ट मापात करता येत नाही. नळावर शांता, किराणा दुकानात शांता, बसस्टॉपवर कानडी बोलणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा शांता. शांताच्या हातची चव, शांताचा स्वभाव, शांताच्या अंगणातला केर. बायकांना संशय आला. "हिला झालंय काय? शांतानं काय दिलं का हिला?" गंगूबाई तर म्हणाली, "कायतरी लई मोटं हाय बघ, म्हणून झाकायला लागलीया." शांताबद्दल जे एक तोंड बोलत होतं ते आता दहा तोंडांनी बोलू लागलं. चाची रडकुंडीला आली.

तिला एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेच बोलता येत नव्हतं. म्हातारीला गिळता येत नाही, एवढं सांगितलं असतं की शांताचं नाव त्या क्षणी धुऊन निघालं असतं. गल्लीतली सगळ्यात मोठी बातमी चाचीच्या तोंडात होती. आयुष्यात पहिल्यांदाच अशी बातमी, की जी सांगितल्यानं कुणाचं तरी भलं झालं असतं. मीच तिला म्हटलं, "सांगून टाक की." तिनं मान हलवली. "आत्तीला लाज वाटती त्येची. तिच्या माघारी त्ये बोलायचं, म्हंजे परत त्येच. एकीचं उचलाय दुसरीचं पाडू?" तिचा चेहरा असा झाला होता की मला हसूही येत होतं आणि तिची कीवही येत होती. बोलकी बाई गप्प बसते तेव्हा तिच्या अंगाला कष्ट होतात, हे मी स्वतः बघितलंय.

मग तिला मार्ग सुचला. ज्या जागी बोलले, ज्या आवाजात बोलले, तसंच बोलायचं. करंट गेल्यावर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ती करंट जायची वाट बघू लागली. आणि नेमका करंट जाईना! आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, चाची कांडी थांबवून तयारीत बसायची, आणि माग आपले खडखडत राहायचे. त्या आठवड्यात आमच्या यजमानांनी वीज खात्याचं तोंड भरून कौतुक केलं. शेवटी चाची त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, मेन बंद करा."

"डोकं फिरलं काय चाची? चालता माग थांबला तर कापडावर खूण राहती."

"ऱ्हाऊ दे. एक साडी मी घेते. बंद करा."

चाचीला ते आईसारखं मानतात. कपाळाला हात लावत त्यांनी मेन ओढला. आमचे माग थांबले. गल्लीतले बाकीचे चालूच होते, पण भिंतीपलीकडे ऐकू जायला तेवढी शांतता पुरे होती. गंगूबाई होती, त्या दारातल्या दोघी होत्या. चाची उठून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "मी शांताबद्दल बोलले त्ये खोटं! मला काय बी म्हाईत न्हवतं. मी बघितलं न्हवतं, तरी बोलले. मी लबाड हाय. तिनं काय केलं न्हाई!"

"मग वाटी बघितली म्हणालीस ती?" गंगूबाईनं विचारलंच.

चाचीनं एकदा भिंतीकडे बघितलं. "काय बघितलं त्ये मला कळलं न्हवतं," ती म्हणाली. "लावा अण्णा करंट."

शांताचं नाव त्या दिवसापासून सावरू लागलं. नळावर बायका तिला जागा देऊ लागल्या. पण चाचीचं काय झालं ते मला जास्त लागलं. एकदा स्वतःला लबाड म्हणवून घेतल्यावर तिचं ऐकणार कोण? शेडमध्ये बसायला येणाऱ्या दोघी येईनाशा झाल्या. तिनं काही सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "चाची, ह्ये तर खरं का?" आणि हशा व्हायचा. ती पण हसायची. मग कांड्या भरत राहायची, ओठ हलत असायचे. मला आधी वाटलं, स्वतःशी पुटपुटतेय. विचारलं तर म्हणाली, "शांतासाठी दुआ मागते. आन् गंगूसाठी बी, तिच्याबद्दल बी बोललेली हाय मी बरंच." मला त्या बाईची तेव्हा इतकी माया आली की तिथंच तिला मिठी मारावी असं वाटलं. मारली नाही, त्याची अजून चुटपुट आहे.

आता गल्लीत माग थोडेच राहिलेत. काही भंगारात गेले, काही शेडमध्ये गाड्या लावतात. दुपारी एवढी शांतता असते की कुकरच्या शिट्ट्या कुणाच्या घरच्या ते कळतं. बोलणं काही थांबलेलं नाही. ते फोनवर गेलंय, बोटानं होतं, आणि करंट गेला तरी त्याचा आवाज बाहेर येत नाही. परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका बाईंच्या घरच्या भानगडीबद्दल सगळ्याजणी लिहीत होत्या. मी वाचत होते आणि मध्येच वाटलं, कुणीतरी मेन ओढायला पाहिजे.

त्या वर्षीची ईद आली. सकाळी पुरुष नमाजाला गेले, परतले, आणि चाचीच्या घरातून शिरखुर्म्याचा वास गल्लीभर पसरला. दरवर्षी ती स्वतः सगळ्या घरांत वाट्या पोचवायची. त्या वर्षी तिनं सगळीकडे दिल्या, शांताकडे दिली नाही. मी म्हटलं, "दे की." म्हणाली, "माफी न देणाऱ्या माणसाला गोड न्हेऊन द्यायचं, म्हंजे जबरदस्ती होती. तिला वाटंल, गोड खाल्लं, आता मन साफ कराय पाहिजे." आणि नवी साडी नेसून, डोळ्यांत सुरमा घालून ती तशीच ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या घरात मी होते, गंगूबाई होती, वाट्या परत द्यायला आलेल्या गल्लीतल्या आणखी बायका होत्या.

दारात शांता आली. हातात रिकामं पातेलं. शांतानं एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि मागाच्या वरचा आवाज काढून म्हणाली, "चाची, आमचा शिरखुर्मा कुठं हाय? काजू-बदाम नगं घालूस. शेवया बी नगं. फडक्यातनं गाळून दे. आमच्या आत्तीला गिळाय येत न्हाई, झटका आलाय तिला. तिनंच सांगितलं, जा, समद्यांम्होरं सांग, आन् मदिनाकडनं गोड आण म्हणून."

गंगूबाईनं पदर तोंडाला लावला, आणि या वेळी हसू दाबायला नाही. चाचीनं धुवट फडकं काढून पातेल्यावर धरलं, पण ते एकटीला ताणून धरता येईना. शांतानं पुढं होऊन फडक्याची दोन टोकं धरली, दोन चाचीनं धरली, आणि मी वरून शिरखुर्मा ओतला. केशरी दूध तेवढं खाली उतरत राहिलं.

"शांता," चाचीनं खाली बघतच विचारलं, "माफ केलंस का गं?"

शांताला खोटं बोलता येत नाही. फडकं पिळून झालं, पातेल्यावर झाकण ठेवून झालं.

"करायला लागलीया," ती म्हणाली. "चल. आज आत्तीला तू भरव."